सहज फिरवलेली किल्ली

३ फेब्रुवारी रोजी सकाळी दाजींच्या बायकोने पुनर्वसन केंद्राच्या खिडकीवर चारशे पस्तीस रुपये भरले आणि पावतीची घडी करून ती चष्म्याच्या डबीत ठेवली. दाजींनी ती डबीतून काढून पुन्हा वाचली. तिच्यावर लिहिले होते, 'उजवा हात, क्षमता चाचणी, परीक्षक दोन.'

"हात एक आणि परीक्षक दोन? दुसरा कशाला?"

"एक चुकला तर दुसरा असावा म्हणून असेल."

"आणि दोघंही चुकले तर?"

"मग तुम्ही आहातच, सगळ्यांच्या चुका काढायला," बायको म्हणाली आणि पावती परत डबीत गेली.

दाजी खरे तर एकाच माणसाचे दाजी. बायकोचा धाकटा भाऊ त्यांना तशी हाक मारी. तो दुकानावर येऊन-जाऊन असायचा, त्याची हाक गिऱ्हाइकांच्या कानावर पडायची, आणि असे होता होता सगळा रस्ताच त्यांचा मेहुणा झाला. शेजारचा घड्याळजी, समोरच्या बँकेतला कॅशिअर, वरच्या मजल्यावरची दातांची डॉक्टर, सगळे त्यांना दाजी म्हणत.

त्यांचे किल्ल्यांचे दुकान एका इमारतीच्या जिन्याखाली होते. जिना वर चढे तसे दुकानाचे छत खाली उतरे. त्यामुळे दुकानात पुढे माणूस उभा राहू शके, मध्ये बसू शके, आणि अगदी मागे फक्त डबे राहू शकत. भिंतीवर खिळ्यांना कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या, टेबलाला किल्ली आवळून धरणारा व्हाइस पक्का केलेला, आणि वर पाटी: 'किल्ल्या करून मिळतील. कुलूप तोडून मिळणार नाही.' पाटीचा दुसरा भाग दाजी अक्षरशः पाळत. घाईतले गिऱ्हाईक म्हणे, "तोडा हो, नवीन घेईन." दाजी म्हणत, "मग माझ्याकडे कशाला आलात? हातोडी पुढच्या दुकानात मिळते."

हे काम ते एका म्हाताऱ्या कुलूपवाल्याकडे शिकले होते. त्या म्हाताऱ्याने पहिले वर्षभर त्यांना कानशीला हात लावू दिला नाही. अडलेले कुलूप हातात द्यायचे आणि विचारायचे, "सांग, कुठं दुखतंय?" उघडून बघायचे नाही, हाताने ओळखायचे. म्हाताऱ्याच्या तोंडी कुलूप बिघडत नसे, ते 'गुदमरत' असे. दाजींनी धंद्याबरोबर हा शब्दही उचलला. लग्नानंतर आठवड्याभरात त्यांनी सासरच्या घराचे पुढचे दार, मागचे दार आणि सासूबाईंचे कपाट यांची गुदमरलेली कुलपे कोणी न सांगता मोकळी केली होती. कपाट आता कोणालाही उघडता येते म्हणून सासूबाई पुढे कितीतरी दिवस घुश्शात होत्या.

मागच्या वर्षी एका सकाळी दुकानात त्यांच्या हातातून कानस पडली. त्यांना वाटले, कानशीला तेल लागले आहे. त्यांनी ती फडक्याने पुसली. ती पुन्हा पडली. त्यांनी पुन्हा पुसली, या वेळी मूठही पुसली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा ते मेहुण्यावर ओरडायला गेले, की कानशीला तेल कोणी लावले. पण शब्द तोंडात पीठ धरल्यासारखे बाहेर आले. समोर उभा असलेला कॅशिअर म्हणाला, "दाजी, तुमचं तोंड वाकडं झालंय."

"तुझंच असेल," असे काहीसे दाजी म्हणाले आणि स्टुलावरून घसरले.

मेहुण्याने त्यांना टॅक्सीत घालून वेळेत दवाखान्यात नेले. मेंदूला रक्त कमी पडले होते, पण फार काळ नाही. पाय महिन्याभरात चालायला लागले. बोलणे तर व्याजासकट परत आले, असे बायको म्हणे. उजवा हात मात्र मागे राहिला. धरायला सांगितले तर धरे, पण काय धरले आहे ते त्याला उशिरा कळे.

किल्ल्यांच्या धंद्याला परवाना लागतो. जो माणूस कोणाच्याही दाराची किल्ली करू शकतो, त्याची नोंद सरकारला हवी असते, आणि परवाना ज्याच्या नावावर त्याने स्वतःच्या हाताने काम केले पाहिजे असा नियम आहे. आजारपणानंतर परवाना कार्यालयाने कळवले, की हाताचे प्रमाणपत्र आणा. पंचाहत्तरपैकी साठ गुण हवेत, दोन परीक्षकांचे, दोघांचेही. मुदत एकतीस मार्च. नाही जमले तर परवाना वर्षभरासाठी दुकानात काम करणाऱ्या जवळच्या नातेवाइकाच्या नावावर जाईल आणि दाजी 'मदतनीस' म्हणून बसतील.

जवळचा नातेवाईक म्हणजे मेहुणा. पूर्वी तो कुरिअरच्या ऑफिसात होता. दाजी आजारी पडल्यापासून दुकान सांभाळत होता. त्याने केलेली किल्ली कुलपात छान जायची. फक्त फिरायची नाही.

"दाजी, लवकर बरे व्हा," तो म्हणे. "काल एकानं सांगितलं, नवी किल्ली तुमच्या घराला लावा, चोर आला तरी उघडायची नाही."

"कानस ढकलताना दाबतोस तू. किल्ली कापायची असते, कांदा नाही."

"मग ठेवा ना परवाना तुमच्याच नावावर. मला शिव्या खायचा पगार मिळत नाही."

तर प्रश्न उपाशी राहण्याचा नव्हता. दुकान चालणारच होते. पण तीस वर्षे ज्या जागेवर आपण बसलो, तिथे मेहुण्याचा मदतनीस म्हणून बसायचे, आणि पाटीवर त्याचे नाव, ही गोष्ट दाजींच्या घशाखाली उतरत नव्हती.

चाचणी व्यायामाच्या हॉलच्या कोपऱ्यातल्या टेबलावर झाली. घेणारी थेरपिस्टबाई चाळिशीची, हळू बोलणारी आणि पेन्सिलीने लिहिणारी. दुसरा परीक्षक तिचा सहकारी. त्याची मिशी इतकी भरघोस होती, की केंद्रात सगळे त्याला मिशीवालाच म्हणत. टेबलावरून नाणी उचलायची, कापडाची घडी घालायची, बाटली तोंडापर्यंत न्यायची, अशी पंधरा कामे. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. शेवटचे काम किल्लीचे. लाकडी फळीवर एक पितळी कुलूप बसवलेले होते. किल्ली घालायची आणि फिरवायची.

दाजी हसले. "हे राहू दे. याचे पाच आताच लिहून टाका."

किल्ली आत गेली आणि अडली. दाजींनी ती केसभर मागे ओढली, मग अख्खा हात वळवून फिरवली. कुलूप करकरत उघडले. अडणाऱ्या कुलपात किल्ली अशी किंचित मागे घ्यायची, हे किल्लीवाल्याच्या अंगवळणी पडलेले असते. न घेता फिरवेल तो किल्ली मोडेल.

दोन्ही परीक्षकांनी एकमेकांकडे न बघता गुण लिहिले आणि मग बेरजा पुढे केल्या. बाईंची बेरीज अठ्ठावन्न. मिशीवाल्याची बासष्ट.

"एकाच हाताचे?" दाजींनी विचारले.

"एकाच हाताचे," बाई म्हणाल्या, आणि त्यांना या गोष्टीचा दाजींपेक्षा जास्त त्रास झालेला दिसला. "काका, सध्या आम्ही या चाचणीचीच चाचणी घेतोय. ज्यांची तब्येत आता स्थिर आहे असे बाराजण निवडलेत, त्यात तुम्ही. हात तोच, दिवस तोच, बघणारे दोन. आकडा एकच यायला हवा. आणि आठवड्याने पुन्हा घेतली तरी जवळपास तोच यायला हवा. नाही आला, तर दोष हाताचा नाही, आमच्या मोजण्याचा."

"म्हणजे एका कुलपाच्या दोन किल्ल्या. दोन्हींनी उघडलं पाहिजे."

"तसंच."

"आमचा मेहुणा तुमच्याकडे पाठवू का? त्याची दुसरी किल्ली कधीच लागत नाही."

दोघांचा सगळ्यात मोठा फरक किल्लीत होता. बाईंनी दोन दिले होते, मिशीवाल्याने चार. कागदावर त्या कामापुढे छापले होते, 'किल्ली सहज फिरवतो.' त्यावरून दोघांची जुंपली.

"त्यांनी आधी मागे ओढली, मग खांद्यातून जोर लावला," बाई म्हणाल्या. "कष्ट पडले. याला सहज म्हणत नाहीत."

"पण त्यांना सवय आहे तशी," मिशीवाला म्हणाला. "विचार न करता केलं. सहज म्हणजे नकळत, आपोआप."

"सहज म्हणजे विनासायास."

दाजी दोघांकडे आलटून पालटून बघत होते. "मला विचाराल तर सहज म्हणजे काही काम नसताना. आम्ही म्हणतो ना, सहज आलो होतो. सहज कोणी किल्ली फिरवतं का? फिरवली तर पोलिसांना बोलवावं."

बाईंनी कागदाच्या कडेला पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले. दाजींना सांगितले, की दोघांचेही साठ होत नाहीत तोवर सही होणार नाही. पुढच्या मंगळवारी दुसरी फेरी आहे, तिचे गुण कार्यालयाला पाठवू.

त्या आठवड्यात दाजी नेहमीप्रमाणे व्यायामाला गेले. शुक्रवारी दुपारी हॉल रिकामा होता. बाई जेवायला गेल्या होत्या, मिशीवाला फोनवर. ती फळी खिडकीत ठेवलेली, किल्ली कुलपातच. दाजींनी येता-जाता तिच्याकडे दोनदा पाहिले. मग डाव्या हाताने किल्ली फिरवून पाहिली. मग कान जवळ नेला.

"काय चाललंय?" बायकोने विचारले.

"काही नाही. गुदमरलंय बिचारं."

"असू दे."

"किल्लीच्या एका दात्याला कंगोरा राहिलाय. कापणाऱ्यानं साफच केलं नाही. तुझी नखाची कानस दे जरा."

बायकोने पर्समधून नखाची कानस काढून दिली. घरातही मोलकरणीच्या डब्याचे झाकण, शेजाऱ्यांचा नळ, जे अडेल ते दाजी असेच मागून घेत आणि मोकळे करत. अडवण्यात अर्थ नसतो हे तिला ठाऊक होते. दाजींनी उजव्या हाताच्या मुठीत किल्ली पकडली, म्हणजे त्या हाताचा व्हाइस केला, आणि डाव्याने कंगोरा उतरवला. मग टेबलावरची बाईंची पेन्सिल घेऊन तिचे शिसे किल्लीच्या दात्यांवर चोळले आणि किल्ली पुन्हा पुन्हा आत-बाहेर केली. कुलपात तेल घालायचे नसते, धूळ धरते, शिसे लागते. शेवटी त्यांनी किल्ली दोन बोटांत धरून फिरवली. करकर गेली होती. टक् असा एकच आवाज आला.

कित्येक महिन्यांनी दाजींचा चेहरा उतारावर लागलेल्या सायकलीसारखा मोकळा झाला. त्या दुपारी त्यांनी दुप्पट व्यायाम केला.

मंगळवारी त्यांचा नंबर मधे कुठेतरी होता. नाणी उचलली, घडी घातली, किल्ली फिरवली. मागे ओढावी लागली नाही. बाईंनी किल्लीला चार दिले, मिशीवाल्याने पाच. बाकीच्यातही इकडे-तिकडे एखादा गुण वाढला. बाईंची बेरीज आली एकसष्ट आणि मिशीवाल्याची चौसष्ट. फरक अजून होता, पण दोघेही साठच्या वर.

बायकोने फॉर्मवर दोन सह्या घेतल्या. फक्त शिक्का राहिला. शिक्का मारणारा कारकून चहाला गेला होता, म्हणून दोघे हॉलबाहेरच्या बाकावर बसले. दार उघडेच होते. मेहुण्याला कळवावे म्हणून बायकोने फोन बाहेर काढला.

आत एक आजी बसल्या होत्या. आयुष्यभर शिवणकाम केलेल्या, आता डावा हात अधू. मागच्या आठवड्यात त्यांना दिलेल्या वेळात किल्ली फिरवताच आली नव्हती. आज ती पहिल्या झटक्यात फिरली. आजी स्वतःच दचकल्या.

"पुन्हा एकदा, आजी," बाई म्हणाल्या. पुन्हा टक् झाले. "आठवड्यात हातात काही फरक वाटला?"

"कसला फरक? काल कपबशी फोडली मी."

बाई कागद चाळू लागल्या. "सकाळपासून प्रत्येकाची किल्ली सुधारली आहे. फक्त किल्ली. बाकी सगळं जिथल्या तिथे. कुठंतरी पाणी मुरतंय."

"काही नाही हो," मिशीवाला म्हणाला. "कुलूप ढिलं झालं असेल. वापरून वापरून झिजलंय. स्वस्तातलंच दिसतंय, फेकून देऊ."

बाकावर दाजी ताठ झाले. बायकोने त्यांची बाही पकडली. नखाची कानस तिच्याच पर्समध्ये होती, त्यामुळे काय झाले आहे ते तिच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. आणि बाहीवरची पकड घट्ट झाली तेव्हा दाजींच्याही लक्षात आले.

"बसा," ती दबक्या आवाजात म्हणाली.

"ऐकलंस का? झिजलं म्हणे."

"म्हणू दे. आधी शिक्का होऊ दे."

"स्वस्तातलं म्हणे!"

"अहो, तुमचं काय जातंय?"

दाजी उठले. त्या उठण्यात प्रामाणिकपणा किती आणि कारागिराचा ताठा किती, याची विभागणी पुढेही कधी झाली नाही. ते दारात जाऊन म्हणाले, "कुलूप ढिलं झालेलं नाही. बरोबर झालंय. ढिलं असतं तर किल्ली आत लटपटली असती. हलवून बघा."

मिशीवाल्याने हलवून बघितली. लटपटत नव्हती.

"काका, तुम्हाला कसं माहीत?" बाईंनी विचारले.

"मी केलंय. शुक्रवारी. तुम्ही जेवायला गेला होता."

"पण कशासाठी?"

दाजींनी खरोखर विचार केला. त्यांना दुसरे उत्तर सापडले नाही.

"सहज," ते म्हणाले.

मिशीवाल्याला हसू आवरले नाही. बाई हसल्या नाहीत. बायकोने फॉर्म स्वतःहून बाईंपुढे केला, पण तो सोडायला तिच्या बोटांना जरा वेळ लागला.

"म्हणजे माझं उघडलं ते खरं नाही?" आजींनी विचारले.

"खरं आहे, आजी. पण ते तुमचं नाही, यांचं आहे."

बाईंनी दाजींना खुर्ची दिली आणि समोर बसल्या. आवाज चढला नव्हता. "काका, पहिल्या फेरीत कुलूप एक होतं, दुसऱ्यात दुसरं. आता दोन्हींची तुलना करता येत नाही. बाराजणांचे कागद वाया. होतं तसं परत करता येईल?"

"बिघडवायचं?"

"होतं तेवढंच. जास्त नाही, कमी नाही."

तीस वर्षांच्या धंद्यात दाजींना अशी ऑर्डर आली नव्हती. पण चूक त्यांची होती, आणि काम म्हणून पाहिले तर अशक्यही नव्हते. शिसे धुऊन काढायचे, दात्याला पुन्हा कंगोरा काढायचा. "करून देतो," ते म्हणाले. "अगदी होतं तसं."

"होतं तसं झालं, हे कसं कळणार?"

"हाताला कळतं."

"कुठल्या हाताला?"

बाईंनी टोमणा मारला नव्हता. त्यांना माहिती हवी होती. मागच्या मंगळवारी कुलूप किती अडत होते ते दाजींनी उजव्या हाताने पाहिले होते, आणि तोच हात आज तपासायला आणला होता. शुक्रवारी डाव्याने पाहिले होते. पण तीस वर्षे डाव्याने फक्त किल्ली धरली होती, ओळखण्याचे काम त्याला कधी पडलेच नव्हते. म्हाताऱ्या उस्तादाने विचारले असते, सांग कुठं दुखतंय, तर दाजींना यापुढे कुठला हात पुढे करावा हे ठरवावे लागले असते. कानस तीनदा पडली तेव्हा त्यांनी तीनदा कानस पुसली होती, ते त्यांना आठवले.

"नाही कळणार," ते म्हणाले.

घरी जाताना चौकात बायको म्हणाली, "सगळ्या गावाची कुलपं मोकळी केलीत. स्वतःच्या तोंडाला एक बसवता आलं नाही."

मेहुण्याने सगळे ऐकून घेतले आणि स्टुलावर बसल्या बसल्या गोल फिरला. "दाजी, म्हणजे तुम्ही कुलूप दुरुस्त करून नापास, आणि मी बिघडवून बिघडवून पास होणार!"

"हस. एकतीस तारखेनंतर तूच रडशील."

बाईंनी सगळे पहिल्यापासून सुरू केले. नवे कुलूप दाजींच्याच दुकानातून घेतले. मेहुणा ते बिलासकट पोचवून आला. आता रोज सकाळी किल्लीच्या डोक्यातल्या भोकात एक छोटी पट्टी घालून तिच्या टोकाला वजने टांगत, आणि कुलूप किती वजनाला फिरते ते फळ्यावर लिहीत. फळीवर चिठ्ठी लागली: 'हात लावू नये. सहजसुद्धा.' चिठ्ठीचे अक्षर मिशीवाल्याचे होते.

दुसरा बदल कागदात झाला. दोघे परीक्षक एका दुपारी समोरासमोर बसले आणि 'सहज' हा शब्द जिथे जिथे होता तिथे तिथे खोडला. किल्लीपुढे आता लिहिले, 'खांदा न उचलता, मध्ये न थांबता फिरवतो.' किल्ली बोटांनी मागे घेतली तर गुण कापायचे नाहीत, खांद्याने घेतली तर कापायचे, हेही ठरले. मग त्यांनी आजींची चाचणी वेगवेगळे बसून तपासली आणि बेरीज एकच आली. आजी म्हणाल्या, "हे आधीच ठरवायचं होतं. कापायच्या आधी माप घेतात."

दाजींची नवी पहिली फेरी मार्चच्या मध्यात झाली. बाईंचे अठ्ठावन्न, मिशीवाल्याचे एकोणसाठ. आठवड्याने दुसरी. दोघांनी बेरजा पुढे केल्या. एकोणसाठ आणि एकोणसाठ.

बाईंना झालेला आनंद त्यांनी लपवला, पण पुरता लपला नाही. दोन महिने त्या ज्यासाठी धडपडत होत्या ते समोर होते. मग त्यांनी दाजींच्या बायकोकडे पाहिले आणि पेन्सिल खाली ठेवली.

"एकानंच राहिलं?" बायको म्हणाली.

मिशीवाल्याने मिशीवरून हात फिरवला. "घडीला मी एक वाढवू शकतो. तसं फार चूक ठरणार नाही."

"मग मलाही वाढवावा लागेल," बाई म्हणाल्या. "नाहीतर परत दोघांचे दोन आकडे. आणि उद्या आजींच्या सुनेनं मागितला तर?"

बायकोने दाजींकडे पाहिले. ती काय मागते आहे ते स्पष्ट होते, आणि ती ते तोंडाने मागणार नव्हती.

"कशात गेला?" दाजींनी विचारले.

बाईंनी कागद फिरवून दाखवला. नाण्यांत चार, घडीत चार, बाटलीत पाच. किल्लीत तीन. दोघांचेही तीन.

"किल्लीत?"

"किल्लीत."

"नाण्यांत कापायचा होता एखादा. मी काय बँकेत आहे?" त्यांनी फळी जवळ ओढली. "पुन्हा फिरवतो. लिहू नका."

हॉलच्या भिंतीला उभा आरसा होता, चालण्याचा सराव करणाऱ्यांसाठी. दाजी फळी घेऊन त्याच्यासमोर बसले. किल्ली घातली, बोटांनी केसभर मागे घेतली, ते नीट जमले. मग फिरवली. फिरवताना ते किल्लीकडे बघत नव्हते, आरशात स्वतःच्या उजव्या खांद्याकडे बघत होते. त्यांनी आणखी एकदा फिरवली. मग किल्ली कुलपातच ठेवून फळी टेबलावर सरकवली.

"उचलतोय," ते म्हणाले. "तीनच बरोबर आहेत."

बायकोने चष्म्याची डबी बंद केली.

३० मार्च रोजी परवाना वर्षभरासाठी मेहुण्याच्या नावावर झाला. पाटीवर त्याचे नाव आले. खालची ओळ दाजींनी बदलू दिली नाही. दाजी आता पुढे बसतात, मेहुणा व्हाइसवर. गिऱ्हाईक 'दाजी' म्हणून हाक मारते तेव्हा अजून तेच बघतात. मेहुण्याने केलेली प्रत्येक किल्ली ते आधी डाव्या हाताने आणि मग उजव्या हाताने एका जुन्या कुलपात फिरवून पाहतात. दोन्ही हातांचे एकमत झाले तर गिऱ्हाइकाला देतात. नाही झाले तर मेहुण्याकडे परत जाते. शिव्या तो आता एकाच माणसाच्या खातो. पुढची चाचणी सप्टेंबरात आहे. संध्याकाळी दुकान बंद करताना दाजी शटरचे कुलूप उजव्या हातानेच लावतात आणि त्या वेळी मेहुण्याला खांद्याकडे बघायला सांगतात.

"उचलला का?"

"थोडा."

"थोडा म्हणजे किती? नीट बघ."

केंद्राने घेतलेल्या नव्या कुलपाचे बिल दाजींच्या नावाने केले होते. परवाना आता मेहुण्याच्या नावावर असल्यामुळे केंद्राच्या हिशेब विभागाने ते नवीन नावाने मागितले आहे. मेहुण्याने ते अजून करून दिलेले नाही. एकशे पंच्याऐंशी रुपये येणे बाकी आहेत.